साठा कोणी सांभाळायचा?

(कळमेश्वर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कळमेश्वरचे रेल्वे स्थानक दिल्ली-चेन्नई या मुख्य मार्गावर आहे. उत्तरेकडून येणारी गाडी नरखेड आणि काटोल मागे टाकून येथूनच नागपूर गाठते. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूनंतर या रुळांवरून प्रवासी गाड्या धावेनाशा झाल्या. मालगाड्या मात्र धावत राहिल्या. कोळसा गेला, धान्य गेले, इंधन गेले. माणसांना जागच्या जागी थांबण्याचा हुकूम झाला, आणि ज्यांना थांबणे परवडणारे नव्हते ती माणसे त्याच रुळांच्या कडेने चालू लागली.

मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांनी जो वीस दिवसांचा संप केला, त्या वेळी राष्ट्राची जीवनवाहिनी तोडल्याचा आरोप त्यांच्यावर झाला होता आणि हजारो कामगारांना तुरुंगात टाकण्यात आले होते. २०२० मध्ये तीच वाहिनी सरकारने एका हुकमाने बंद केली. रोगाच्या साथीत काही निर्बंध अटळ होते हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, कामगाराने बोनससाठी गाडी थांबवली तर तो देशद्रोह ठरतो आणि दिल्लीने थांबवली तर तो कणखरपणा ठरतो, ही मोजमापाची रीत काही नवी नाही.

महामारीने ‘पुरवठा साखळी’ हा व्यवस्थापनशास्त्रातला शब्द घराघरांत नेला. ती तुटली कशी आणि पुन्हा तुटू नये म्हणून काय करावे, यावर गेली काही वर्षे पुष्कळ लिहिले गेले. साखळी चिवट हवी, हे त्या सगळ्या लिखाणाचे सार. हे कोणालाही मान्य व्हावे असेच आहे. परंतु चिवटपणा हवेतून येत नाही. कोणी तरी, कोठे तरी, काही तरी राखून ठेवलेले असते म्हणून अडचणीचा काळ निभावतो. कणगीतले धान्य आणि पेवातली ज्वारी हा कास्तकाराच्या घरचा चिवटपणाच होता. तेव्हा खरा प्रश्न राखून ठेवण्याचा आहे: साठा कोणी सांभाळायचा, त्याचा खर्च कोणी सोसायचा, आणि साठा नसेल तर कमी पडलेला भाग कोणाच्या अंगावर पडायचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. कळमेश्वर तालुक्यात संत्री आहे, कापूस आहे आणि औद्योगिक वसाहतही आहे.

संत्र्यापासून आरंभ करू. या भागात संत्र्याचे दोन बहार घेतले जातात. आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तोडणीस येते आणि मृग बहाराचे फेब्रुवारीपासून पुढे. २० मार्च २०२० रोजी राज्य सरकारने मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड यांबरोबर नागपूरही बंद केले, तेव्हा मृगाचा माल अजून झाडावर होता. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. हाताने सोलण्यास सोपे म्हणून ते लोकांना आवडते, परंतु त्याच गुणामुळे ते दूरच्या प्रवासात लवकर बिघडते. झाडावर ठेवावे तर गळते, तोडावे तर ठेवायला जागा नाही. पुष्कळ बागा व्यापाऱ्याला उक्त्या दिलेल्या असतात. बाजार बंद पडला की व्यापाऱ्याला इसाराची रक्कम सोडून देऊन मोकळे होता येते. कास्तकाराला झाड सोडून देऊन मोकळे होता येत नाही.

सरकारी आदेशांची तऱ्हाही पाहण्यासारखी होती. २४ मार्चच्या आदेशाने जीवनावश्यक वस्तूंची वाहतूक चालू ठेवली. फळे जीवनावश्यक ठरली. परंतु फळ एकटे प्रवास करीत नाही. त्याला खोका लागतो, खोक्याला खिळे लागतात, ट्रकला पंक्चर काढणारा लागतो, चालकाला ढाबा लागतो, माल उतरवायला हमाल लागतो आणि त्या हमालाला घरून बाजारापर्यंत येण्याची मुभा लागते. यांतल्या कोणाचेच नाव यादीत नव्हते. शेतीची कामे व खरेदी यांना २७ मार्चला सूट मिळाली, आणि जीवनावश्यक व इतर असा भेद न करता सर्वच मालाची वाहतूक होऊ द्यावी असे केंद्रीय गृह खात्याने राज्यांना कळवले ते २९ मार्चला. साखळी म्हणजे वस्तूंची नव्हे, तर एकमेकांच्या श्रमावर अवलंबून असलेल्या माणसांची रांग असते, एवढी साधी गोष्ट कळण्यास राज्यकर्त्यांना पाच दिवस लागले. नाशवंत फळाच्या आयुष्यात पाच दिवस फार मोठे असतात.

कापसाची गोष्ट उलटी. तो नासत नाही, म्हणून त्याची कोणी घाई केली नाही. टाळेबंदी सुरू होताच भारतीय कापूस महामंडळाची आणि पणन महासंघाची खरेदी थांबली. एप्रिलच्या उत्तरार्धात ती पुन्हा सुरू झाली, तीही नोंदणी करून आणि केंद्रावर दररोज मोजक्या गाड्या घेऊन. तोवर कापूस राहिला कोठे? कास्तकाराच्या घरात. झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि ओसरीवर माणसे, असा एप्रिल-मे विदर्भातल्या असंख्य घरांनी काढला. कापूस फार दिवस घरात राहिला की अंगाला खाज सुटते, मुलांच्या कातडीवर पुरळ येतात. हे ज्यांनी भोगले त्यांना सांगावे लागत नाही. गिरणीचे गोदाम जे काम करते ते काम येथे कुटुंबाच्या घराने केले, आणि त्याचे भाडे कोणी दिले नाही. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हा तिच्यामागे हाच विचार होता की, भाव पडला किंवा बाजार अडला तर भार समाजाने घ्यावा, एकट्या कास्तकारावर टाकू नये. ती योजना तोट्याने, राजकारण्यांच्या ढवळाढवळीने आणि चुकाऱ्यांच्या विलंबाने पोखरली गेली आणि पुढे मोडीत निघाली. योजना गेली, जी गरज भागवायला ती आली होती ती गरज २०२० च्या उन्हाळ्यात जिथल्या तिथे उभी होती.

आता औद्योगिक वसाहतीकडे वळू. कळमेश्वरात पोलादाच्या पत्र्यापासून निरनिराळे कारखाने आहेत आणि नागपूर परिसरातल्या इतर वसाहतींप्रमाणे येथेही ठेकेदारामार्फत आलेला, दुसऱ्या राज्यातला कामगार आहे. कारखान्याचा कच्चा माल बंद दारामागे सुरक्षित राहिला. यंत्रे सुरक्षित राहिली. विम्याची व्यवस्था होती, बँकेच्या हप्त्यांना मुदतवाढ मिळाली. ज्याच्यापाशी आठवड्याच्या शिध्यापलीकडे काहीही राखीव नव्हते असा या साऱ्या रचनेतला एकच घटक होता, आणि धक्का सोसण्यासाठी नेमका त्यालाच पुढे करण्यात आले. काम बंद, मजुरी बंद, खोलीचे भाडे चालू.

अशाच कामगारांपैकी सोळा जण ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर मेले. ते जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात कामाला होते; गाव मध्य प्रदेशातले. भुसावळला गाडी मिळेल या आशेने ते रुळांवरून चालत निघाले आणि थकून तेथेच झोपले. प्रवासी गाड्या बंद आहेत, म्हणजे रुळांवर झोपण्यास हरकत नाही, असा त्यांचा समज झाला असेल तर तो मूर्खपणा नव्हता. त्यांच्या अंगावरून गेली ती मालगाडी होती. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारणा झाली, तेव्हा परतीच्या वाटेवर किती स्थलांतरित कामगार मेले याची माहिती ठेवलेली नाही, असे केंद्रीय श्रम मंत्रालयाने सांगितले. वाघिणीत किती टन कोळसा भरला याची नोंद रेल्वेपाशी असते.

हे अज्ञान अपघाताने आलेले नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला होता. पाच किंवा अधिक असे कामगार लावणाऱ्या आस्थापनेने नोंदणी करावी, ठेकेदाराने परवाना घ्यावा, कामगाराला प्रवासभत्ता द्यावा, असे त्यात लिहिलेले होते. तो कायदा चाळीस वर्षे प्रामाणिकपणे राबवला गेला असता तर मार्च २०२० मध्ये प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर कोण, कोठला, कोणाकडे कामाला, याची यादी असती. यादी नव्हती, म्हणून शिधा नव्हता. शिधापत्रिका नसलेल्या आठ कोटी स्थलांतरितांना दोन महिने पाच किलो धान्य देण्याची घोषणा १४ मे रोजी झाली, टाळेबंदीच्या घोषणेनंतर ५१ दिवसांनी. श्रमिक गाड्या १ मेपासून सुटू लागल्या होत्या, आणि पायी निघालेले कित्येक जण त्याआधीच घरी पोहोचले होते किंवा वाटेत संपले होते.

आणि यातून धडा कोणता घेतला गेला? त्याच मे महिन्यात उत्तर प्रदेश सरकारने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षे स्थगित ठेवण्याचा अध्यादेश मंजूर केला. अनेक राज्यांनी कामाचा दिवस बारा तासांचा केला. गुजरातचा तसा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द ठरवला. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने श्रमसंहिता संमत केल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. १९७९ चा कायदा त्यांत विरून गेला आहे. नव्या व्यवस्थेत स्थलांतरित कामगाराची व्याख्या रुंदावली हे खरे. पण पूर्वी पाच कामगारांना लागू होणारी तरतूद आता दहांपासून लागू होते. आठ-नऊ माणसे घेऊन येणारा लहान ठेकेदार पूर्वी निदान कागदावर तरी सापडत असे.

तुटले काय ते इतके झाले. टिकले काय, हेही सांगितले पाहिजे. १ एप्रिल २०२० रोजी केंद्राच्या कोठारात गहू व तांदूळ मिळून साडेपाच कोटी टनांहून अधिक धान्य होते; त्या तारखेला ठेवावयाच्या साठ्याचे प्रमाण सुमारे २ कोटी १० लाख टन. या ‘फाजील’ साठ्यावर अर्थपंडित वर्षानुवर्षे टीका करीत आले होते. सरकारनेच नेमलेल्या शांताकुमार समितीने जानेवारी २०१५ मध्ये अन्नसुरक्षेखालील लोकसंख्या ६७ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणावी अशी शिफारस केली होती. ती शिफारस तशीच्या तशी स्वीकारली गेली असती तर २०२० मध्ये माणशी पाच किलो जादा धान्य देण्यासाठी धान्यही नसते, दुकानही नसते आणि यादीही नसती. महाराष्ट्रात मे आणि जून महिन्यांत केशरी शिधापत्रिकाधारकांनाही आठ रुपये किलोने गहू व बारा रुपये किलोने तांदूळ देता आला, तो याच जुनाट, गळक्या, बदनाम झालेल्या दुकानांतून. रेशनच्या दुकानात मापात मारतात हे कळमेश्वरच्या कार्यकर्त्याला शिकवण्याची गरज नाही. तरीही त्या महिन्यांत चकचकीत बाजारपेठांच्या काचा बंद होत्या आणि रेशनचे दुकान उघडे होते.

धंद्याच्या जगात अनेक दशके याच्या उलट शिकवण होती. माल साठवू नका, लागेल तेव्हाच मागवा. साठा म्हणजे अडकलेले भांडवल. जपानच्या टोयोटा कंपनीने ही रीत पूर्णत्वाला नेली आणि साऱ्या जगाने ती उचलली. गंमत अशी की, २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर खुद्द टोयोटाने आपला धडा सुधारला आणि पुरवठादारांना इलेक्ट्रॉनिक चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. २०२१ मध्ये चिपअभावी इतरांचे मोटार कारखाने बंद पडू लागले, तेव्हा तिला त्याची झळ बरीच उशिरा लागली. गुरूने मंत्र बदलला होता. शिष्य जुनाच मंत्र घोकत होते.

औषधांच्या बाबतीत तर हा मंत्र देशाला फारच महाग पडला, आणि ती गोष्ट महाराष्ट्रातली आहे. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला, युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने, आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन होऊ लागले. स्वतंत्र होऊन आठ वर्षे झालेला देश आपले प्रतिजैविक आपण बनवत होता. उदारीकरणानंतर चीनमधला स्वस्त कच्चा माल येऊ लागला. आयात करणे शहाणपणाचे ठरले, आणि पेनिसिलिनचा मूळ पदार्थ देशात बनवणे हळूहळू थांबले. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा मूळ औषधी पदार्थांचे उत्पादन देशात परत आणण्यासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. काकीनाड्याजवळ एका खाजगी कंपनीच्या कारखान्यात २०२४ साली पेनिसिलिनचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. जनतेच्या पैशाने उभारलेले एकदा स्वस्ताईच्या नावाखाली सुकू दिले, आणि नंतर जनतेच्याच पैशाने खाजगी मालकाकरवी पुन्हा उभारून घेतले. पिंपरीचा कारखाना केवळ चिनी स्पर्धेने खचला असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. नोकरशाही कारभार आणि संशोधनाची हेळसांड हेही त्याचे मारेकरी होते.

दुसऱ्या लाटेतल्या प्राणवायूचे उदाहरण निराळे आहे. एप्रिल २०२१ मध्ये देशात प्राणवायू अगदीच नव्हता असे नाही. तो प्रामुख्याने पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांत होता आणि तडफडणारे रुग्ण मध्य व पश्चिम भारतात होते. मधले अंतर कापण्यासाठी लागणारे अतिशीत टँकर पुरेसे नव्हते. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन निघालेली गाडी विशाखापट्टणमला भरून २३ तारखेला नागपुरात आली. सात टँकरांपैकी तीन येथे उतरले, चार नाशिकला गेले. तीन टँकरांची बातमी व्हावी, लोकांनी ती डोळे लावून पाहावी, अशी अवस्था या शहरावर आली होती. वस्तू असणे आणि वस्तू पोहोचणे यांमधले अंतर कापण्याची तयारी आधी ठेवावी लागते आणि वर्षानुवर्षे ती ‘वाया’ गेल्यासारखी दिसते. रिकाम्या टँकरवर नफा मिळत नाही, म्हणून खाजगी व्यवहार तो बाळगत नाही.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. साठा करा म्हणणे सोपे. साठा कुजतो, चोरला जातो, सत्तेच्या हाती गेला की त्याचे राजकारण होते. विदर्भाला हे चांगले ठाऊक आहे. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतला रोखे घोटाळा २००२ मधला. त्यातल्या आरोपींना न्यायालयाने शिक्षा सुनावली डिसेंबर २०२३ मध्ये. एकवीस वर्षे ज्यांच्या ठेवी व कर्जे अडकली त्या सभासदाला सहकाराची थोरवी ऐकवायला कोणत्या तोंडाने जायचे? संत्रा बागाईतदारांच्या संघाच्या नावाने जन्मलेली ‘नोगा’ पुढे राज्याच्या कृषि उद्योग विकास महामंडळाकडे गेली. तिचा केचप आणि जाम घराघरांत पोहोचले, पण झाडाखाली पडलेल्या बारीक संत्र्याचा प्रश्न त्याने सुटला नाही. तेव्हा सार्वजनिक किंवा सहकारी हे बिरुद लावले की काम झाले, या समजुतीतून समाजवादी कार्यकर्त्यानेही बाहेर पडावे. ज्यांचा माल आणि ज्यांचे पोट त्यात गुंतले आहे त्यांच्या हाती हिशेबाची वही नसेल तर सार्वजनिक कोठार हेही कोणाचे तरी खाजगी कुरणच असते.

याच्या नेमका उलट मोहही टाळावा लागेल. महामारीनंतर ‘स्थानिक’ या शब्दाला फार भाव आला. येथून जवळच वर्ध्याला १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जे. सी. कुमारप्पांनी जवळच्या गरजा जवळच्या उत्पादनातून भागवण्याचे अर्थशास्त्र तेथे मांडले. त्यांचे म्हणणे आज पुन्हा वाचण्याजोगे आहे. परंतु त्याच नागपुरात १९५६ मध्ये लाखो माणसांनी ज्या गावगाड्याला पाठ दाखवली तोही स्वयंपूर्णच म्हणवला जात होता. त्याची साखळी आखूड होती, आणि ती कोणाच्या तरी पायात होती. बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणावर जो प्रहार केला तो विसरून ‘गावाकडे चला’ म्हणता येणार नाही. २०२० मध्ये शहरातून परतलेला मजूर गावाच्या वेशीवर अडवला गेला, हे फार जुने झालेले नाही.

शिवाय कळमेश्वरचे संत्रे कळमेश्वरने खाऊन संपणार नाही. त्याला दिल्ली हवी, कोलकाता हवे, ढाका हवे. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक. त्याने आयात शुल्क वर्षागणिक वाढवत नेले आणि २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ रुपयांवर गेले, तेव्हा निर्यात कोसळली आणि देशातल्या बाजारात भाव पडले. राज्य सरकारला शुल्काच्या निम्म्या भाराएवढे अनुदान जाहीर करावे लागले. या वेळी विषाणू नव्हता. एकाच मोठ्या गिऱ्हाईकावर टेकलेली साखळी जकातीच्या एका फटकाऱ्यानेही तुटते, आणि शेजाऱ्याशी संबंध बिघडवण्यात ज्यांना राजकीय पुरुषार्थ वाटतो त्यांनी त्याची किंमत काटोल-कळमेश्वरच्या बागाईतदाराला विचारावी.

रेल्वेने काय करता येते हे १४ ऑक्टोबर २०२० रोजी दिसले होते. त्या दिवशी नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगरला संत्री घेऊन पहिली किसान रेल्वे गेली, निम्म्या भाड्यात. पूर्ण ट्रक भरेल एवढा माल नसलेल्या लहान कास्तकारालाही तिच्यातून थोडी खोकी पाठवता येत होती. अनुदानाचा आधार गेल्यावर तिच्या फेऱ्या आटल्या. कळमेश्वर स्थानकात थांबणारी, आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांत ठरल्या दिवशी सुटणारी फळांची गाडी, आणि स्थानकाजवळ बागाईतदारांच्या देखरेखीखालचे शीतगृह, ही मागणी ग्रामसभांतून ठराव करून मागता येण्याजोगी आहे. शीतगृह आंबियाच्या तोडीपूर्वी उभे राहिले तरच त्याचा उपयोग. डिसेंबरात कोनशिला बसवून भागणार नाही.

दुसरे काम मागणीचे नाही, हाताने करण्याचे आहे. अन्नसुरक्षेची लाभार्थी संख्या अजूनही २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे, आणि कळमेश्वरच्या वसाहतीत ठेकेदारांकडे बाहेरच्या राज्यांतले किती कामगार आहेत याची खात्रीची यादी शोधूनही हाती लागत नाही. ती कार्यकर्त्यांनी करावी. नाव, गाव, शिधापत्रिका कोठली, ठेकेदार कोण, हजेरी कोणाच्या वहीत लागते, खोलीभाडे किती, घरी निरोप कोणाला द्यायचा. एका रविवारी एक चाळ. यादीची एक प्रत तहसील कार्यालयात पोच घेऊन द्यावी, एक कामगारांच्या हाती राहावी. सुटीच्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेले तर माणसे खोलीवर भेटतात. त्यानंतर ती आठवड्याच्या बाजाराला निघून जातात.